मी मशीनशी खोटं बोलले

मेंदूच्या तपासणीचा कागद ज्यांच्या हातात नुकताच पडलाय आणि घरातला प्रत्येक जण आपल्यापासून काहीतरी लपवतोय असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्हाला वाटतंय ते खरं असू शकतं. माझ्या बाबतीत ते खरं होतं. पण त्या संशयापायी मी जे केलं, त्याने माझी वाचा कायमची जाता जाता राहिली. म्हणून काही न झाकता सांगते.

पेन उड्या मारायला लागलं

माझं नाव शोभा. वय बावन्न. पहूरच्या बाजूला एका सज्जाची, म्हणजे काही गावांच्या गटाची, मी तलाठी आहे. पदाचं नाव आता बदललंय, पण गावात सगळे तलाठीबाईच म्हणतात. माझे यजमान शाळेत शिक्षक. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मीही सरच म्हणते. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. घरात आम्ही दोघंच.

नोकरीमुळे म्हणा, माझा स्वभाव संशयी झालाय. दोन भावांपैकी एकटाच वारस नोंदीला आला, की दुसरा कुठे आहे हे मी आधी विचारते. जबाबाच्या खाली 'वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्याखाली अंगठा. त्यातले किती जबाब खरोखर वाचून दाखवलेले असतात, ते मला माहीत आहे. घाईच्या दिवसांत मीही तसे अंगठे घेतलेत.

त्या दिवशी सकाळी मी कार्यालयात केळीच्या नुकसानीचा पंचनामा लिहीत होते. वाऱ्याने बाग आडवी झाली होती आणि शेतकरी समोर बसून झाडं सांगत होता. लिहिता लिहिता पेन कागदावर उड्या मारायला लागलं. मला वाटलं टेबल हलतंय. मग तोंड उजवीकडे ओढलं गेलं. शेतकरी म्हणत होता, बाई, बाई, काय झालं. मला ऐकू येत होतं, समजतही होतं. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, पण ते तोंडापर्यंत पोचत नव्हतं. कोतवालाने मला धरून खाली निजवलं. शुद्ध जाईपर्यंत मी छताकडे बघत होते आणि एकच वाक्य बोलायचा प्रयत्न करत होते, की पंचनाम्यावर अजून सह्या व्हायच्या आहेत.

डॉक्टरांनी पडदा वळवला

जळगावला स्कॅन झाला. डॉक्टरांच्या टेबलावरचा संगणकाचा पडदा आधी माझ्याकडे होता. चित्र उघडलं तसा त्यांनी तो सरांकडे वळवला. बाकी काही कळायच्या आधी मला एवढं कळलं. मेंदूत डावीकडे गाठ आहे, दिसायला हळू वाढणारी वाटते, काढावी लागेल, असं ते म्हणाले. हे सगळं ते सरांना सांगत होते. झटका मला आला होता. मग म्हणाले, ताई, तुम्ही जरा बाहेर बसा, सरांना औषधं समजावून देतो.

औषधं फक्त दोन होती आणि सरांना आत बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. मी विचारलं, काय म्हणाले? सर म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्यायच्या.

तो दिवस मला भीतीपेक्षा रागाचा म्हणून आठवतो. भीती नंतर आली, घरी, भांडी घासताना. उजव्या हातातून पेला दोनदा निसटला. सर धावत आले आणि म्हणाले की साबणाने निसटला असेल.

घरातली कुजबुज

पुढचे काही आठवडे मी घरात पाहुण्यासारखी होते. मी खोलीत गेले की फोन बंद व्हायचे. मुलगी रोज दोनदा फोन करायची आणि दर वेळी माझ्याशी थोडं बोलून 'बाबांना दे' म्हणायची. धुळ्याहून माझी मोठी बहीण, अक्का, येऊन राहिली. अक्काला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती माझ्यासमोर बोलायचंच टाळायची. नुसत्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची आणि खा म्हणायची.

सरांचं वागणं सगळ्यात विचित्र झालं होतं. ज्यांनी कधी मला पेपर वाचून दाखवायला सांगितलं नाही, ते आता रोज म्हणायचे, चष्मा सापडत नाही, ही बातमी वाच ना. चष्मा खिशात दिसायचा. जुन्या गोष्टी विचारायचे. आपण पहिल्यांदा धरणगावला तुझ्या मामाकडे गेलो तेव्हा काय झालं होतं, सांग बरं. मी सांगायला लागले की टेबलावरचा मोबाईल हळूच माझ्याकडे सरकवायचे. मला दोन शंका आल्या. एक म्हणजे माझं डोकं कितपत ठिकाणावर आहे याची परीक्षा चाललीय. दुसरी म्हणजे ते हे सगळं टिपून डॉक्टरांना पाठवतायत. मी मुद्दामच थोडक्यात उत्तरं द्यायला लागले.

धुळ्याचे सर्जन

धुळ्याच्या सर्जनांनी पडदा वळवला नाही, एवढं बरं वाटलं. गाठीवर बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, जागा थोडी नाजूक आहे, ऑपरेशनच्या आधी आणखी एक नकाशा लागेल. मी विचारलं, कसला नकाशा. त्यांनी सरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, मेंदूचा कुठला भाग कसं काम करतो त्याचा. तो साध्या स्कॅन सेंटरवर निघत नाही. एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात तसं मशीन आहे, तिथे त्यांचा अभ्यासही चालू आहे, त्यात तुमची तपासणी करून घेऊ.

सरांकडे पाहिलेलं मी पाहिलं. शिवाय अभ्यास हा शब्द मनात अडकला. परतताना मी अक्काला म्हणाले, मला अभ्यासासाठी पाठवतायत. अक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

दोन दारं आणि एक फॉर्म

त्या केंद्राचं नाव मी लिहीत नाही. आजूबाजूला कॉलेजच्या इमारती, मुलामुलींच्या गाड्या, कॅन्टीन. त्यांच्यामध्ये एक बिनखिडक्यांची बसकी इमारत. दवाखान्यात असते तशी गर्दी नाही, रडणारी मुलं नाहीत, डब्यांचा वास नाही. आजारी असं मी एकटीच तिथे होते. त्या शांततेनेच मी सावध झाले.

पहिल्या दाराच्या आत चप्पल, बांगड्या, गळ्यातलं, केसांतल्या पिना, सगळं काढून कपाटात ठेवायचं. दुसऱ्या दारावर चुंबकाचं चित्र आणि लाल अक्षरांत इशारा. तिथले तंत्रज्ञ पन्नाशीचे होते, शिंदखेड्याकडचे. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी अंगात कुठे धातू आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा किस गेला होता का, कधी ऑपरेशन झालं का, असं तीन वेळा फिरवून फिरवून विचारलं. ती पद्धत माझ्या ओळखीची होती. मीही भावाभावांना असंच फिरवून विचारते.

मग कीर्ती मॅडम आल्या. पुण्याकडच्या, तरुण, तिथे संशोधन करणाऱ्या. त्यांनी सहा पानांचा संमतीचा फॉर्म दिला आणि सही कुठे करायची ते शेवटच्या पानावर बोटाने दाखवलं.

मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. त्या जरा अवघडल्या. चौथ्या पानावर लिहिलं होतं की माझ्या प्रतिमा शिक्षण आणि प्रसारासाठी वापरण्यास माझी हरकत नाही. मी विचारलं, प्रसार म्हणजे कुठे? डोक्याच्या या चित्रावरून माझा चेहरा ओळखू येतो का? त्यांनी खरं ते सांगितलं. म्हणाल्या, चेहऱ्याचा भाग आम्ही पुसतो, पण पुसला नाही तर ओळखू येऊ शकतो. मी पुसलेलं चित्र बघायला मागितलं. त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी, नाव नसलेलं, पडद्यावर दाखवलं. कवटी होती, कान होते आणि चेहऱ्याच्या जागी खरवडल्यासारखा सपाट तुकडा. मी म्हणाले, प्रसाराची ओळ मी खोडणार. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी ओळ वाचली, मला ती खोडू दिली आणि बाजूला दोघांच्या सह्या घेतल्या.

तो फॉर्म वाचल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तुम्हीही वाचा. सही कुठे करायची ते दाखवणाऱ्या बोटाला घाई असते, आपल्याला नसावी.

पण त्याच फॉर्ममध्ये 'भाषेशी संबंधित भागांचा अभ्यास' असंही लिहिलं होतं आणि ते मी उलटंच वाचलं. मला वाटलं, हा त्यांच्या कामाचा विषय. माझ्या गाठीचा त्याच्याशी काय संबंध, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सर्जनांनी सांगितलं असणार, असं कीर्ती मॅडमना वाटलं. आणि सर्जनांनी का सांगितलं नव्हतं, ते मला नंतर कळलं.

आत मी काय केलं

मशीनच्या फळीवर झोपवून नानांनी अंगावर ब्लँकेट घातलं. खोली गार होती. हातात रबराचा फुगा दिला आणि म्हणाले, भीती वाटली तर दाबा, आम्ही लगेच थांबवू. डोक्यावर जाळीसारखा टोप आला, त्यावर आरसा आणि आरशात एक लहान पडदा.

काम असं होतं. पडद्यावर एक अक्षर येईल, समजा क. त्या अक्षराने सुरू होणारे शब्द मनातल्या मनात म्हणायचे, ओठ हलवायचे नाहीत. मग अधिकचं चिन्ह येईल, तेव्हा मन स्वस्थ ठेवायचं. मग पुन्हा अक्षर.

मशीन सुरू झालं. कडबा कापायच्या यंत्रात डोकं घातल्यासारखा आवाज. आणि त्या आवाजात माझ्या मनात आलं की हे लोक माझ्या मनातलं वाचणार आहेत. मी काय विचार करते ते काचेपलीकडे दिसणार आहे. सरांनी घरात टिपून घेतलं ते पुरलं नाही, म्हणून आता थेट डोक्यात उतरतायत. आज हे लिहिताना हसू येतं. तिथे झोपलेली असताना त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं.

मग मी त्यांना फसवायचं ठरवलं. अक्षर आलं की मी काहीच म्हणायची नाही. नजर अक्षरावर रोखून आतून गच्च मिटून घ्यायची. अधिकचं चिन्ह आलं, की माझ्या सज्जातले गट नंबर आणि खातेदारांची नावं घडाघड म्हणायची. अख्खा वेळ मी तसंच केलं. बाहेर आल्यावर कीर्ती मॅडमनी विचारलं, जमलं का? मी म्हणाले, जमलं. त्यांनी लिहून घेतलं.

आनंदाची बातमी

आठवडाभराने सर्जनांचा निरोप आला. नकाशात डाव्या बाजूला, गाठीजवळ, फारसं काही दिसत नाही. चित्र जरा अस्पष्ट आहे, पण असंच असेल तर गाठ मोकळेपणाने, पूर्ण काढता येईल. ऑपरेशन चार दिवसांनी.

सरांनी फोन ठेवला आणि कॉटवर बसून रडले. अक्काने शेवया केल्या. मुलगी सुरतेहून निघाली. इतके दिवस कुजबुजणारं घर मोठ्याने बोलायला लागलं. एवढा आनंद कशाचा, ते मला कळेना. गाठ तर आहे तिथेच होती. मी विचारलं तर सर म्हणाले, सोपं झालं गं आता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर अंघोळीला गेले होते आणि मोबाईल चार्जिंगला होता. मी तो घेतला. त्यांचा पॅटर्न मला माहीत होता. मला वाटलं, डॉक्टरांशी झालेली बोलणी सापडतील. सापडलं ते 'शोभाचा आवाज' नावाचं फोल्डर. आत तेवीस रेकॉर्डिंग. पहिल्यात मी पेपर वाचत होते. दुसऱ्यात मामाच्या घरची गोष्ट सांगत होते, तुटक, चिडून. तिसऱ्यात पोह्यात मीठ नाही म्हणून सरांना बोलत होते आणि मागे भांड्यांचा आवाज होता. पुढचं मी ऐकलं नाही.

सर टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे होते. मी विचारलं, हे कशासाठी?

ते कॉटवर येऊन बसले. मग म्हणाले, "गाठ बोलण्याच्या जागेजवळ आहे. ऑपरेशनमध्ये वाचा जाऊ शकते, असं जळगावलाच सांगितलं होतं. मला वाटलं, गेलीच तर निदान..." त्यांनी टॉवेल तोंडाला लावला.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू ऑपरेशनला नाही म्हणाली असतीस. धुळ्याच्या डॉक्टरांनाही मीच सांगितलं, तिच्यासमोर तो विषय काढू नका. पण आता नकाशात तिथे काही नाही ना. वाचा सुरक्षित आहे."

मी खाली बसले. त्या नकाशात तिथे काही का नाही, हे फक्त मला माहीत होतं.

कबुली

सरांना मी तेव्हाच सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते माझ्यावर ओरडले, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच. म्हणाले, स्वतःच्या जिवाशी कोणी असं करतं का? मी म्हणाले, मला माझ्या जिवाचं काही सांगितलं होतं का? अक्का स्वयंपाकघरातून आली, आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, भांडण मग करा, आधी त्या मॅडमकडे जा. त्या पूर्ण महिन्यात तिने बोललेलं सगळ्यात लांब वाक्य ते असेल.

संध्याकाळच्या आत आम्ही केंद्रावर पोचलो. कीर्ती मॅडमसमोर बसून सांगताना मला माझ्या टेबलासमोर खोटा जबाब देऊन परत आलेली माणसं आठवली. मी म्हणाले, मी तुमच्या मशीनशी खोटं बोलले. अक्षर आलं की गप्प बसले आणि चिन्ह आलं की नावं म्हटली.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी संगणकावर माझी फाईल उघडली, अक्षराच्या वेळेच्या जागी चिन्हाची वेळ धरली आणि चित्र उलटं करून बघितलं. जिथे अंधार होता तिथे पिवळे ठिपके आले, गाठीच्या अगदी कडेला. त्या हळूच म्हणाल्या, तरीच. चित्र असं का आलं ते त्यांना कळत नव्हतं. मशीनच्या वेळेत चूक आहे का, ते तपासायचं त्यांनी ठरवलं होतं, पण सर्जनांना घाई होती म्हणून 'अस्पष्ट' असा शेरा लिहून पाठवून दिलं होतं.

"तुम्ही असं का केलंत?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही मनातलं वाचता."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त जातं, मशीनला तेवढंच दिसतं, असं त्यांनी समजावलं. काम कुठे चाललंय ते कळतं, कुठला शब्द म्हटला ते त्यांना या चित्रावरून सांगता येत नाही. मग म्हणाल्या, हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मी फक्त सही कुठे करायची ते सांगितलं.

हे उलटं केलेलं चित्र चालेल का, असं सरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, यावर ऑपरेशन होऊ देणार नाही. पुन्हा करायला हवं. पण मशीन पुढचे दहा दिवस दुसऱ्यांच्या प्रकल्पांना दिलेलं होतं. नाना बाजूला उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, उद्या सकाळी सातला मी येतो, पहिलं काम नऊला आहे. सर्जनांना कीर्ती मॅडमनीच फोन केला.

नानांचे प्रश्न

सकाळी फळीवर निजवताना नानांनी विचारलं, घरात कोणती बोली बोलता? मी म्हणाले, माहेर धरणगावकडचं, लहानपण सगळं अहिराणीत गेलं. अक्काशी अजूनही तेच. त्यांनी कीर्ती मॅडमना सांगितलं की अक्षरांचं काम झालं की थोडं अहिराणीतही करून बघू, बाईंना मोकळं वाटेल. मॅडमना अहिराणी येत नव्हती. प्रश्न नानांनी स्वतः विचारले, कानातल्या यंत्रातून. उत्तर मनातल्या मनात द्यायचं.

अक्षरं आली तेव्हा या खेपेला मी खरोखर शब्द म्हटले. कापूस, केळी, कोतवाल, कुऱ्हाड. चिन्ह आलं की गप्प. मग नानांचा आवाज आला.

"पानी कसामा भरतस?"

घागरमा, मी मनात म्हटलं.

"आंबाना रस कसासंगे खातस?"

असं बरंच चाललं. विहिरीवरचे, चुलीजवळचे, वावरातले प्रश्न. इतक्या वर्षांत मला कोणी ते विचारले नव्हते. एका प्रश्नाला मला हसू आलं, तसा कानात आवाज आला, "हासू नका ताई, मुंडकं हालस." मग मला आणखीच हसू आलं आणि तेवढा भाग पुन्हा करावा लागला.

अहिराणीमुळेच चित्र स्पष्ट आलं का, असं मी नंतर कीर्ती मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं मी सांगू शकत नाही, तुम्ही मनापासून केलंत हे मोठं कारण असेल. मला त्यांचं ते उत्तर आवडलं. ज्यांना 'माहीत नाही' म्हणता येतं त्यांच्यावर माझा थोडा विश्वास बसतो.

चित्रात बोलण्याची जागा दिसली. गाठीला लागून, एका बाजूने पट्टीसारखी. सर्जनांनी मला समोर बसवून, सर शेजारी असताना, पडदा माझ्याकडे करून सगळं सांगितलं. आधीच्या चित्रावर गेलो असतो तर ज्या बाजूने आत शिरलो असतो ती हीच बाजू, असंही सांगितलं. सरांच्या विनंतीला आपण मान द्यायला नको होता, हेही ते म्हणाले. आता दुसऱ्या बाजूने जायचं ठरलं आणि पट्टीला चिकटलेला गाठीचा तुकडा आतच ठेवायचा. वाचा तरीही काही दिवस जाऊ शकते, सूज उतरली की परत येईल असा अंदाज आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी सही केली. पूर्ण वाचून.

मुके दिवस

वाचा गेलीच. शुद्धीवर आले तेव्हा सगळं समजत होतं आणि एक अक्षर निघत नव्हतं. सर्जन रोज येऊन म्हणायचे, सूज आहे, येईल. माझा विश्वास बसत नव्हता. मला वाटायचं, ते पुन्हा सरांच्या सांगण्यावरून बोलतायत. सलाईनच्या बाटलीवरचं नाव मी रोज तपासायची. गोळ्यांचे रंग लक्षात ठेवायची आणि एक दिवस रंग बदलला तर तोंड घट्ट मिटून घेतलं. नर्सने जाऊन दोन्ही पाकिटं आणून दाखवली. कंपनी वेगळी, औषध तेच. तिने ते कंटाळा न करता केलं, याबद्दल तिची मी आभारी आहे. मुक्या माणसाचा संशय समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

माझ्या डोक्याला पट्टी होती, मला वेणीची आठवण नको म्हणून अक्का स्वतःचेही केस पदराखाली झाकून बसायची. मुलगी माझा हात धरून तिच्या सासरच्या गोष्टी सांगायची. सर खुर्चीवर बसून असायचे. आमचं भांडण अजून पूर्ण झालं नव्हतं, पण मला भांडता येत नव्हतं आणि त्यांना एकट्याने भांडवत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी सर आत आले. माझा चेहरा सुजलेला, एक डोळा काळानिळा, उजवा हात उशीवर पडलेला. ते म्हणाले, "आज छान दिसतेस."

"खोटं," मी म्हणाले.

शब्द जाडसर आला, पण आला. सरांनी नर्सला बोलावलं, नर्सने डॉक्टरांना. ते सगळे मला पुन्हा बोल म्हणायला लागले आणि त्या दिवशी मी पुन्हा काही बोलू शकले नाही. दुसऱ्या दिवशी दोन शब्द आले. महिन्याभरात वाक्यं आली. नावं सगळ्यात उशिरा आली आणि अजूनही काही येत नाहीत. मी गोष्टीच्या भोवती फिरते. ज्याने केर काढतात ते, असं म्हणावं लागतं.

सरांशी उरलेलं भांडण मी नंतर पूर्ण केलं. वेळ लागला, कारण शब्द शोधावे लागत होते आणि त्यांना थांबावं लागत होतं. शेवटी आमचं एवढं ठरलं की डॉक्टरकडे जे बोलणं होईल ते दोघांसमोर होईल. हे त्यांनी पाळलंय. तरी मी अधूनमधून विचारते.

परवाची तपासणी

तुकडा आत आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी चित्र काढावं लागतं. दर वेळी आठवडाभर आधी मला झोप नीट लागत नाही आणि घरातला प्रत्येक फोन संशयाचा वाटतो. हे जाणार नाही, असं मी धरून चालले आहे. आतापर्यंत तुकडा वाढलेला नाही. पुढचं कोणी सांगू शकत नाही.

कीर्ती मॅडमच्या अभ्यासासाठी परवा पुन्हा एकदा भाषेचा नकाशा काढायचा होता. ही तपासणी माझ्या उपचाराची नाही, त्यांच्या कामाची आहे, असं त्यांनी आधीच सांगितलं, नाही म्हणालात तरी चालेल असंही सांगितलं. मी हो म्हणाले. तिथे बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून लहान, साक्रीकडच्या. त्यांचा भाऊ फॉर्म भरत होता आणि त्या दुसऱ्या दाराकडे बघत होत्या. माझ्या डोक्यावरची खूण त्यांना दिसली असावी. सरकून जवळ आल्या आणि हळूच विचारलं, "मनमधलं दिखस का त्यास्ले?"

मी म्हणाले, नही. मग मी त्यांना सांगायला लागले, अहिराणीतच. की मीही असंच समजले होते, की त्यापायी मी काय केलं, की भावाला काय काय विचारायचं. मधेच मला एक शब्द सापडेना. साधाच होता, आज आठवतोय, तेव्हा नव्हता. मी हात फिरवत राहिले. दार उघडलं आणि नानांनी त्यांचं नाव पुकारलं. भाऊ उठला. त्या उठल्या नाहीत.

"थांबा जरासं," त्या नानांना म्हणाल्या, "ताईनं बोलनं व्हऊ द्या."

नाना दार धरून थांबले. शब्द यायला वेळ लागला.